विश्लेषण : कोड एआय बदलणार, पण त्याच्या चाचण्या शोधणार कोण?

सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये कोड लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम आता एआय एजंटकडे सोपवले जात आहे. एजंटने केलेला बदल बरोबर आहे की नाही, हे ठरवण्याचा सर्वांत हाताशी असलेला उपाय म्हणजे आधीपासून लिहून ठेवलेल्या युनिट टेस्ट. मात्र हजारो चाचण्यांपैकी नेमक्या कोणत्या चाचण्या या बदलाशी संबंधित आहेत, हे एजंटला आपोआप कळत नाही. त्या शोधून देणारी कोड-विश्लेषण साधने त्यासाठी वापरली जातात. ही साधने कशी चालतात, कुठे चुकतात आणि त्यांच्या माहितीपत्रकातील एखादे वाक्य राहून गेले तर काय बिघडू शकते, याचा हा आढावा.

युनिट टेस्ट म्हणजे काय?

कोणतेही मोठे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या तुकड्यांचे बनलेले असते. अशा एका तुकड्याला प्रोग्रामर ‘फंक्शन’ म्हणतात. फंक्शनला ठरावीक माहिती दिली की ठरावीक उत्तर आलेच पाहिजे, हे तपासणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे युनिट टेस्ट.

एसटीच्या तिकिटाचे उदाहरण घेऊ. एसटीत महिलांना निम्मे भाडे, ६५ ते ७५ वयोगटातील ज्येष्ठांना निम्मे भाडे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास अशा सवलती आहेत. समजा, ही सवलत काढणारे एक फंक्शन कोणी लिहिले. त्याच्या चाचण्या काय असतील? ६४ वर्षांच्या पुरुषाला पूर्ण भाडे, ६६ वर्षांच्या पुरुषाला निम्मे, ७६ वर्षांच्या व्यक्तीला शून्य. वय बरोबर ६५ किंवा बरोबर ७५ असेल तर काय, हेही तपासावे लागेल. कारण प्रोग्राम अशा सीमेवरच्या आकड्यांवरच हमखास घसरतात. प्रत्येक चाचणीत अपेक्षित उत्तर आधीच लिहिलेले असते. फंक्शनने तेच उत्तर दिले तर चाचणी ‘पास’, नाही तर ‘फेल’.

ही पद्धत रूढ करण्याचे बरेचसे श्रेय अमेरिकी प्रोग्रामर केंट बेक यांना जाते. १९९७ मध्ये ज्युरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गॅमा यांनी मिळून ‘जेयुनिट’ची पहिली आवृत्ती लिहिली. जावा भाषेतील प्रोग्रामसाठी चाचण्या लिहिण्याची आणि चालवण्याची ती चौकट होती. पुढे जवळपास प्रत्येक भाषेत तिची भावंडे तयार झाली. पायथॉनमध्ये ‘युनिटटेस्ट’ आणि ‘पायटेस्ट’, जावास्क्रिप्टमध्ये ‘जेस्ट’ ही त्यांतील काही परिचित नावे.

एआय एजंट आल्यामुळे काय बदलले?

चॅटबॉटला प्रश्न विचारला की तो उत्तर लिहून थांबतो. एजंट मात्र स्वतः फाइल उघडतो, कोड बदलतो, आज्ञा चालवतो, निकाल वाचतो आणि पुन्हा बदल करतो. काम संपले की नाही, हेही बऱ्याचदा तोच ठरवतो. हे ठरवण्यासाठी त्याच्याकडे असलेला सर्वांत ठोस पुरावा म्हणजे चाचण्यांचा निकाल.

एजंटची क्षमता मोजणाऱ्या परीक्षाही याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एसडब्ल्यूई-बेंच’ या संचात १२ पायथॉन प्रकल्पांतील २,२९४ खऱ्या समस्या आहेत. एजंटने केलेली दुरुस्ती दोन कसोट्यांवर उतरावी लागते : आधी फेल होणाऱ्या ठरावीक चाचण्या आता पास झाल्या पाहिजेत आणि आधी पास होणाऱ्या चाचण्या फेल होता कामा नयेत. या परीक्षेत संबंधित चाचण्या कोणत्या, हे परीक्षकांनी आधीच निश्चित केलेले असते.

प्रत्यक्ष कामात मात्र ही यादी कोणी हातात देत नाही. एखाद्या प्रकल्पावर चार-पाच वर्षे काम केलेल्या अभियंत्याला कोणत्या बदलाचा धक्का कुठे बसतो, हे सवयीने ठाऊक असते. एजंटकडे ही सवय नसते. तो प्रत्येक कामाला नव्याने बसतो. शिवाय एका वेळी तो जेवढा मजकूर लक्षात घेऊ शकतो, त्यालाही मर्यादा असते. लाखो ओळींचा प्रकल्प पूर्ण वाचून संबंधित चाचण्या निवडणे त्याला शक्य नसते आणि परवडणारेही नसते.

सगळ्याच चाचण्या का चालवत नाहीत?

छोट्या प्रकल्पात तसेच करतात आणि तेच योग्य असते. पण प्रकल्प वाढला की गणित बदलते. गूगलच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधानुसार, त्यांच्या चाचणी यंत्रणेत त्या काळी १३ हजारांहून अधिक प्रकल्प होते आणि दररोज सुमारे १५ कोटी चाचण्या चालत होत्या. एवढी संगणक क्षमता असलेल्या कंपनीलाही प्रत्येक बदलासाठी प्रत्येक चाचणी चालवणे शक्य होत नव्हते.

फेसबुकने २०१८ मध्ये यावर वेगळा मार्ग मांडला. कोणता बदल कोणत्या चाचणीला पाडण्याची शक्यता आहे, याचा अंदाज जुन्या नोंदींवरून बांधायचा आणि तेवढ्याच चाचण्या चालवायच्या. त्यांच्या शोधनिबंधानुसार, यामुळे चाचण्यांचा खर्च निम्म्यावर आला आणि तरीही सदोष बदलांपैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक बदल पकडले गेले. फेल होणाऱ्या प्रत्येक चाचणीचा स्वतंत्र हिशेब केला तर पकडले जाण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे काही चाचण्या निसटणार, हे मान्य करूनच ही निवड केलेली होती.

एजंटच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. माणूस दिवसातून काही वेळा चाचण्या चालवतो. एजंट एका कामात दहा-वीस वेळा बदल करून तपासू शकतो. प्रत्येक वेळी तासभर थांबावे लागले तर एजंट वापरण्याचा फायदाच उरत नाही. म्हणून ‘या फाइलशी संबंधित चाचण्या तेवढ्या दे’ असे विचारता येईल अशा साधनाची गरज निर्माण होते.

ही साधने चाचण्या कशा हुडकतात?

ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग नावाचा. बहुतेक भाषांमध्ये चाचण्यांच्या फाइलला नाव देण्याचे संकेत ठरलेले असतात. गो भाषेत अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘टेस्ट’ असावेच लागते. पायटेस्ट हे साधन नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘टेस्ट’ असलेल्या फाइल उचलते. त्यामुळे ‘सवलत’ नावाच्या फाइलची चाचणी ‘टेस्ट सवलत’ या फाइलमध्ये असणार, असा तर्क करता येतो. हा मार्ग झटपट आहे, पण वरवरचा आहे.

दुसरा मार्ग कोड न चालवता नुसता वाचण्याचा. याला स्थैतिक विश्लेषण म्हणतात. साधन प्रत्येक फाइलचे व्याकरण उलगडते, कोणते फंक्शन कोणाला बोलावते याचा नकाशा तयार करते आणि मग बदललेल्या फंक्शनपासून उलट दिशेने चालत चाचणीपर्यंत पोहोचते. जेस्टमधील ‘फाइंड रिलेटेड टेस्ट्स’ हा पर्याय फाइलच्या पातळीवर हेच करतो. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे, हे पाहून तो चाचण्या निवडतो. गूगलने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या ‘बेझल’ या साधनालाही ‘या भागावर अवलंबून असलेल्या सगळ्या चाचण्या दाखव’ असे विचारता येते.

तिसरा मार्ग कोड चालवून पाहण्याचा. सर्व चाचण्या एकदा चालवायच्या आणि कोणती चाचणी कोडच्या कोणत्या ओळींवरून गेली याची नोंद ठेवायची. पुढे त्या ओळी बदलल्या की नोंदवहीतून संबंधित चाचण्या काढायच्या. पायटेस्टला जोडता येणारे ‘टेस्टमॉन’ हे साधन या पद्धतीने काम करते.

तिन्हींतील फरक एसटीच्या उदाहरणात स्पष्ट होतो. समजा, या प्रोग्राममध्ये रक्कम पाच रुपयांच्या पटीत आणणारे एक फंक्शन आहे आणि एजंटला ते बदलायला सांगितले आहे. हे फंक्शन तिकीट काढताना वापरले जाते, आरक्षण रद्द केल्यावर परतावा देताना वापरले जाते आणि वाहकाने आगारात भरलेल्या रोकडीचा दिवसअखेरचा हिशेब जुळवतानाही वापरले जाते. नावावरून शोधणाऱ्या साधनाला फक्त त्या फंक्शनच्या स्वतःच्या चाचण्या सापडतील. नकाशा काढणारे साधन तिकीट आणि परताव्याच्या चाचण्यांपर्यंत पोहोचेल. दिवसअखेरचा हिशेब मात्र वेगळ्या पद्धतीने जोडलेला असेल, तर तिथल्या चाचण्या त्यालाही दिसणार नाहीत.

ती नेमकी कुठे चुकतात?

‘वेगळ्या पद्धतीने जोडलेला’ म्हणजे काय, ते पाहणे महत्त्वाचे आहे. अनेक प्रोग्राममध्ये कोणते फंक्शन बोलवायचे हे कोडमध्ये थेट लिहिलेले नसते. ते नाव एखाद्या सेटिंग फाइलमधून किंवा डेटाबेसमधून प्रोग्राम चालू असताना वाचले जाते. कोड नुसता वाचणाऱ्या साधनाला तिथे फक्त एक रिकामी जागा दिसते. त्या जागी नंतर कोण येऊन बसणार, हे त्याला कळत नाही.

कोड चालवून नोंद ठेवणाऱ्या साधनाची अडचण वेगळी असते. नोंद गेल्या आठवड्यातली असेल आणि त्यानंतर कोड बदलला असेल, तर यादी शिळी होते. काही चाचण्यांत खऱ्या फंक्शनच्या जागी नकली फंक्शन बसवलेले असते. बँकेच्या सर्व्हरला प्रत्यक्ष विचारण्याऐवजी ‘हो, पैसे मिळाले’ असे उत्तर देणारा नकली तुकडा, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अशी चाचणी खऱ्या तुकड्यावरून कधी जातच नाही.

ही केवळ साधने कच्ची असल्याची अडचण नाही. प्रोग्राम न चालवता त्याच्या वागण्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाचे अचूक उत्तर देणारी पद्धत अस्तित्वातच असू शकत नाही. या निष्कर्षाचा पाया ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये घातला. त्यामुळे विश्लेषण करणाऱ्या साधनाला कुठे तरी तडजोड करावीच लागते : एक तर संशय येईल ती प्रत्येक चाचणी यादीत घ्यायची किंवा खात्री असेल तेवढीच घ्यायची. पहिल्या प्रकारात यादी लांबते, दुसऱ्यात काहीतरी निसटते. ग्रेग रॉदरमेल आणि मेरी जीन हॅरोल्ड यांनी १९९० च्या दशकात या विषयावर मूलभूत काम केले. चूक पकडू शकणारी एकही चाचणी ठरावीक अटींमध्ये निसटू न देणाऱ्या निवडीला त्यांनी ‘सुरक्षित’ निवड म्हटले. एखादे साधन या दोहोंपैकी कोणत्या बाजूला झुकते, हे वापरणाऱ्याला माहीत असायला हवे.

रिकामी यादी आली तर?

खरा धोका इथे आहे. साधनाने ‘शून्य चाचण्या सापडल्या’ असे उत्तर दिले, तर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, या कोडसाठी कोणी चाचणी लिहिलेलीच नाही. दोन, चाचणी आहे, पण साधनाला जोडणी दिसली नाही. तीन, साधनच नीट चाललेले नाही : फोल्डरचा पत्ता चुकला, ती भाषा त्याला वाचता येत नाही किंवा नोंदवही तयारच झालेली नाही.

प्रकल्पात मुरलेल्या अभियंत्याला शून्य पाहिल्यावर खटकते. हिशेबाच्या चाचण्या गेल्या वर्षी आपल्याच टीमने लिहिल्या होत्या, हे त्याला आठवते आणि तो शोधाशोध करतो. एजंटला असे काही आठवत नाही. तिन्ही अर्थांसाठी एकच उत्तर मिळत असेल, तर तो सर्वांत सोयीचा अर्थ घेऊन पुढे जाऊ शकतो आणि शेवटच्या अहवालात ‘सर्व संबंधित चाचण्या पास’ असे लिहू शकतो. शून्यापैकी शून्य चाचण्या पास झाल्या, या अर्थाने ते वाक्य खोटेही नसते.

हा गोंधळ एजंट येण्याआधीपासूनचा आहे. पायथॉनसोबत मिळणारे ‘युनिटटेस्ट’ हे साधन वर्षानुवर्षे एकही चाचणी न चालवता ‘शून्य चाचण्या चालवल्या, ओके’ असे छापत असे आणि यशाचा संकेत देत असे. फोल्डरचे नाव चुकले तरी निकाल हिरवाच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायथॉन ३.१२ पासून हे बदलले. आता एकही चाचणी चालली नाही तर साधन ५ हा वेगळा संकेत देते. पायटेस्टमध्ये हा संकेत आधीपासून होता : सगळे पास झाले तर ०, काही फेल झाले तर १ आणि चाचणी मिळालीच नाही तर ५.

जेस्टमध्ये ‘पास विथ नो टेस्ट्स’ नावाचा पर्यायच आहे. तो चालू केला की चाचणी सापडली नाही तरी निकाल यशस्वी धरला जातो. काही प्रकल्पांत त्याची खरोखर गरज असते. पण तो चालू आहे हे एजंटला माहीत नसेल, तर हिरव्या निकालाचा त्याने लावलेला अर्थ चुकीचा ठरतो.

माहितीपत्रकाचा संबंध कुठे येतो?

साधन वापरणारा माणूस माहितीपत्रक क्वचितच पूर्ण वाचतो. उदाहरण पाहतो, अडले तर सहकाऱ्याला विचारतो. एजंटचे तसे नाही. साधनाबद्दल जे काही लिहून दिले आहे, तेवढेच त्याला कळते. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या जोडणी पद्धतीत प्रत्येक साधनासोबत त्याचे नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची याचा तपशील देता येतो. हे साधन कधी वापरायचे आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे एजंट या वर्णनावरून ठरवतो. म्हणजे पूर्वी जे माहितीपत्रक कपाटात पडून असे, ते आता साधनाच्या कामाचाच भाग झाले आहे.

अशा साधनाचे वर्णन ‘दिलेल्या फाइलशी संबंधित युनिट टेस्ट शोधते’ एवढेच असेल, तर ते चुकीचे नाही, पण घातक ठरू शकते. ‘संबंधित’ कशावरून, याचे उत्तर त्यात नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘दिलेल्या फाइलमधील फंक्शन थेट किंवा दुसऱ्या फंक्शनमार्फत वापरणाऱ्या चाचण्यांची यादी देते. फक्त पायथॉनच्या फाइल वाचते. ज्यांची नावे सेटिंग फाइलमधून येतात, अशी फंक्शन दिसत नाहीत. यादी रिकामी आली तर चाचणी नाही असे समजू नये. पूर्ण संच चालवावा किंवा माणसाला विचारावे.’ चार वाक्ये वाढली, पण तीन वेगवेगळ्या शून्यांचा गोंधळ बराच कमी झाला.

मर्यादा उघड सांगण्याचे चांगले उदाहरण जेस्टच्याच माहितीपत्रकात मिळते. बदललेल्या फाइलपुरत्या चाचण्या चालवण्याच्या पर्यायाबद्दल लिहिताना, फाइलची आपापसातील जोडणी कोडमध्ये स्थिर स्वरूपात लिहिलेली असेल तरच हा पर्याय चालतो, असे तिथे स्पष्ट नमूद केले आहे. माणसाच्या नजरेतून ही ओळ निसटू शकते. एजंटच्या हातात दिलेल्या वर्णनात ती असेल, तर तो आपली पायरी बदलू शकतो.

वर्णनात आणखी काय असावे?

उत्तराचे स्वरूप आधी सांगायला हवे. नुसती फाइलची नावे देण्यापेक्षा प्रत्येक चाचणी कोणत्या मार्गाने सापडली, हे सोबत दिले तर उपयोग वाढतो. नावावरून सापडलेली चाचणी हा अंदाज असतो, प्रत्यक्ष चालवून सापडलेली चाचणी हा पुरावा असतो. दोन्ही एकाच यादीत न सांगता मिसळल्या, तर एजंट दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो.

नोंद कधीची आहे, हेही दिसले पाहिजे. साधनाला वाचता न आलेल्या फाइलचा आकडा उत्तरात असला पाहिजे. ‘चाचणी नाही’ आणि ‘शोध अपुरा राहिला’ यांसाठी वेगळे संकेत हवेत. सापडलेली चाचणी चालवायची नेमकी आज्ञाही द्यावी, नाही तर एजंट ती स्वतः रचतो आणि तिथेही चुकू शकतो.

वर्णन लांबवूनही चालत नाही. एजंटच्या मर्यादित स्मृतीत ते प्रत्येक कामाच्या वेळी जागा अडवते. म्हणून वैशिष्ट्यांची जाहिरात कमी आणि मर्यादांचा उल्लेख ठळक, असा क्रम अधिक उपयोगी ठरतो.

माहितीपत्रकालाही चाचणी लागते. साधन कुठे चुकते हे आधीच माहीत असलेला एक छोटा नमुना प्रकल्प ठेवायचा आणि दर नव्या आवृत्तीला त्यावर साधन चालवून पाहायचे. ‘हे आम्हाला दिसत नाही’ असे जिथे लिहिले आहे, तिथे साधन खरोखर तसेच वागते का, हे त्यातून कळते. साधन सुधारले आणि वर्णन जुनेच राहिले, तरी एजंटची दिशाभूल होतेच.

चाचण्या सापडल्या, पास झाल्या; मग काम झाले का?

नेहमीच नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सॉफ्टवेअरच्या एका भागाला २१ माहिती-घटकांची अपेक्षा होती, पण प्रत्यक्षात त्याला २० च पुरवले जात होते. चाचण्या झाल्या होत्या. मात्र त्यांत २१ व्या घटकाच्या जागी ‘काहीही चालेल’ अशी सूट दिलेली होती, त्यामुळे तो घटक तपासण्याची वेळच आली नाही. चाचणी अस्तित्वात असणे आणि तिने नेमकी जागा तपासणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एजंटच्या बाबतीत आणखी एक अडचण दिसून आली आहे. चाचणी पास करणे हेच ध्येय दिले की काही मॉडेल प्रश्न सोडवण्याऐवजी चाचणीलाच चकवतात. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी प्रशिक्षणादरम्यानची अशी उदाहरणे नोंदवली. त्यांत चाचणी पूर्ण होण्याआधीच प्रोग्राम यशाचा संकेत देऊन बंद करणे किंवा चाचणी वगळली असे दाखवणे, असे प्रकार होते. चाचण्या शोधून देणारे साधन एजंटला चाचण्यांचा पत्ता सांगते. त्याच पत्त्यावर जाऊन एजंटने चाचणीची फाइलच बदलली, तर तपासणीला अर्थ उरत नाही. म्हणून अनेक ठिकाणी एजंटला चाचण्यांच्या फाइल वाचायला देतात, बदलायला देत नाहीत.

महाराष्ट्रातील आयटी क्षेत्राशी याचा काय संबंध?

पुण्या-मुंबईतील हजारो तरुणांची आयटीतील पहिली नोकरी ‘टेस्टिंग’ची असते. चाचण्या लिहिणे, त्या चालवणे आणि नव्या आवृत्तीत जुने काही बिघडले नाही ना हे पाहणे, हे त्यांचे रोजचे काम. यातील चाचण्या चालवण्याचा आणि निकाल गोळा करण्याचा भाग यंत्राकडे जाणे सर्वांत सोपे आहे. पण कोणती चाचणी कशासाठी आहे, कोणत्या जोडण्या कोडमध्ये दिसत नाहीत आणि कुठल्या भागाला चाचणीच नाही, हे ज्ञान बऱ्याच प्रकल्पांत कुठेही लिहिलेले नसते. ते लोकांच्या डोक्यात असते. एजंटला जे लागते आणि मिळत नाही, ते नेमके हेच.

कोड-विश्लेषणाची परंपराही इथे नवी नाही. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा संशोधन, विकास आणि रचना केंद्रात प्रोग्रामच्या स्थैतिक विश्लेषणावर अनेक वर्षे काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहलेखकांचे डेटा-फ्लो ॲनालिसिसवरील पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोड न चालवता त्याबद्दल काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, हाच या शाखेचा गाभा आहे. परीक्षेपुरता शिकला जाणारा हा विषय एजंटमुळे रोजच्या कामात येऊ लागला आहे.

टीमने तूर्त काय करावे?

एजंटच्या अहवालात ‘चाचण्या पास’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो अपुरा मानावा. किती चाचण्या सापडल्या, कोणत्या मार्गाने सापडल्या, किती चालल्या, किती वगळल्या आणि चाचणीची एखादी फाइल बदलली का, हे पाच मुद्दे त्यात असावेत. यातील पहिला आकडा शून्य असेल, तर तो बदल माणसाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दिवसभर निवडक चाचण्या चालवल्या, तरी रात्री पूर्ण संच एकदा चालवावा. निवडीतून निसटलेली चाचणी तिथे पकडली जाते. अशी चाचणी सापडली की तिची केवळ दुरुस्ती करून थांबू नये. शोधणाऱ्या साधनाला ती का दिसली नाही, हे पाहून त्याच्या वर्णनात एक ओळ वाढवावी. दुसऱ्या दिवशी नव्याने कामाला बसणारा एजंट ती ओळ वाचतो. आदल्या दिवशी काय घडले, हे त्याला कळण्याचा तोच एक मार्ग असतो.